‘आदरणीय सर, तुमचं पुस्तक वाचून भारावलो’ : एआयनं लिहिलेली फसवी पत्रं लेखकानं कशी ओळखावीत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पदरमोड करून पुस्तक काढणारे लेखक गावोगाव भेटतात. कोणी निवृत्तीच्या पैशातून कादंबरी छापतो. कोणी शेती सांभाळून लिहिलेल्या कवितांचा संग्रह काढतो. एखादी ताई कानबाईची, जात्यावरची अहिराणी गाणी वर्षानुवर्षं वहीत उतरवून घेते आणि शेवटी स्वतःच प्रकाशक होते. पाचशे प्रती छापल्या जातात, शंभर-दीडशे भेट म्हणून वाटल्या जातात, थोड्या विकल्या जातात आणि उरलेले गठ्ठे माडीवर जातात. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा आपलं पुस्तक कुणीतरी हातात घ्यावं ही ओढ आपल्या भागात किती मोठी आहे ते सगळ्यांनीच पाहिलं.

ही ओढ आता फसवणाऱ्यांच्याही ध्यानात आली आहे. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तकं २०१६ च्या अखेरीपासून विकली जात आहेत. म्हणजे पारोळ्यात बसून लिहिलेल्या पुस्तकाचं विक्रीचं पान आज जगाच्या पाठीवर कुठूनही उघडता येतं. त्या पानावर लेखकाचं नाव, पुस्तकाचा सारांश आणि वाचकांचे अभिप्राय असतात. फसवं पत्र तयार करायला तेवढं पुरतं.

या लेखात अशा पत्राची उलटतपासणी कशी करायची ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो शक्यतो मोडू नका.

आधी पत्र कसं असतं ते पाहा

समजा, तुम्ही जिनिंग मिलमधल्या कामगारावर कादंबरी लिहिली आहे. तुम्हाला येणारं पत्र साधारण असं असेल (हा मी तयार केलेला नमुना आहे):

‘आदरणीय सर, तुमच्या कादंबरीनं मला अंतर्मुख केलं. जिनिंग मिलमधल्या कामगाराच्या आयुष्यातून तुम्ही केवळ एका माणसाची नव्हे, तर संपूर्ण पिढीची वेदना मांडली आहे. सरकीपासून रुई सुटावी तसं एकेक नातं सुटत जातं, ही प्रतिमा मनात घर करून राहिली. इतकं समर्थ पुस्तक आणि त्यावर केवळ चार अभिप्राय, हे पाहून मन विषण्ण झालं. आमच्या वाचकमंडळात अडीच हजार सक्रिय वाचक आहेत. पुढील महिन्याचं पुस्तक म्हणून तुमच्या कादंबरीचा विचार करण्यास आपली हरकत नसावी, अशी आशा करतो.’

ज्याच्या पुस्तकाबद्दल घरातही कुणी चार शब्द बोललेलं नाही, त्याला हे वाचून भरून येणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आता पुस्तकाचं मलपृष्ठ काढा आणि पत्राशेजारी ठेवा. कामगार, पिढीची वेदना, सरकी आणि रुई, सगळं मलपृष्ठावर आहे. चार अभिप्रायांचा आकडा विक्रीच्या पानावर आहे. या दोन्हींच्या बाहेरचं अक्षरही पत्रात नाही. साठाव्या पानावर काय घडतं, शेवट कसा होतो, कोणतं पात्र पटलं नाही, यातलं काहीच नाही, कारण पुस्तक कुणी उघडलेलंच नाही. पानावरचा मजकूर उचलून एआयला दिला आणि ‘याच्या लेखकाला भारावून जाऊन पत्र लिही’ असं सांगितलं, एवढंच झालं. एकाच दिवशी अशी शेकडो पत्रं वेगवेगळ्या लेखकांना जाऊ शकतात आणि प्रत्येकाला आपलं पत्र खास आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटतं.

लेखकांना गाठून लुबाडणं मुळात नवं नाही. अमेरिकी न्याय विभागानं जानेवारी २०२५ मध्ये ‘पेजटर्नर प्रेस अँड मीडिया’ या कंपनीशी संबंधित लोकांवरचं आरोपपत्र जाहीर केलं. मोठे प्रकाशक आणि चित्रपट कंपन्या तुमच्या पुस्तकासाठी उत्सुक आहेत असं सांगून आठशेहून अधिक लेखकांकडून सुमारे ४.४ कोटी डॉलर उकळले, असा तो आरोप आहे. लेखकांशी बोलणारी माणसं फिलिपिन्समधल्या कॉल सेंटरमध्ये बसलेली होती, असंही त्यात म्हटलं आहे. बळी पडलेल्यांत वयस्कर लेखक बरेच होते. तो धंदा फोनवर बोलणाऱ्या माणसांच्या जोरावर चालला. एका लेखकामागे एक माणूस दिवसच्या दिवस लागायचा, म्हणून जिथे खिसा जड तिथेच ते जायचे.

एआयमुळे तो खर्च जवळपास संपला. अमेरिकेतली ‘रायटर बिवेअर’ ही लेखकांना सावध करणारी जुनी यंत्रणा २०२५ पासून नेमक्या याच प्रकारच्या, यंत्रानं लिहिलेल्या स्तुतिपत्रांबद्दल आणि खोट्या वाचकमंडळांबद्दल सतत लिहीत आली आहे. आपल्याला आजवर एक कुंपण होतं, ते मराठीचं. परक्या माणसानं भाषांतर यंत्रातून काढलेलं मराठी पत्र दोन ओळींत उघडं पडायचं. ते कुंपण आता राहिलेलं नाही. मराठी शुद्ध येते, विरामचिन्हंसुद्धा जागच्या जागी असतात. ‘अहो, पत्र इतकं चांगलं लिहिलंय, हा माणूस खोटा कसा असेल?’ हा प्रश्न म्हणूनच मनातून काढून टाका. चांगली भाषा आता कशाचाच पुरावा उरलेली नाही.

पायरी पहिली : उत्तर देऊ नका, निदान एक रात्र जाऊ द्या

पहिलं उत्तर गेलं की तुमचा पत्ता चालू आहे आणि तुम्ही हुरळला आहात, हे समोरच्याला कळतं. ‘धन्यवाद, खूप आनंद झाला’ एवढ्यावरही पुढची चार पत्रं लगेच येतात. खरा संपादक, खरा ग्रंथपाल किंवा खरा वाचक तुम्ही आठ दिवसांनी उत्तर दिलंत तरी रागावणार नाही. ‘उद्या संध्याकाळपर्यंत जागा राखून ठेवली आहे’ असं लिहिलं असेल तर ते तुम्ही विचार करू नये म्हणून लिहिलेलं आहे.

या काळात पत्रातल्या कोणत्याही दुव्यावर बोट लावू नका आणि जोडलेली फाइल उघडू नका. व्हॉट्सॲपवर ‘निवडपत्र’, ‘करारनामा’ किंवा ‘पुरस्कार आमंत्रण’ म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही इंग्रजी अक्षरं असतील तर तो कागद नव्हे. ते मोबाइलमध्ये बसणारं ॲप असतं आणि ते तुमचे मेसेज आणि ओटीपी वाचू शकतं. लग्नपत्रिकेच्या नावाखाली असं ॲप पाठवून लोकांची खाती रिकामी केल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच.

पायरी दुसरी : पत्ता अक्षर-अक्षर वाचा

मोबाइलवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं. नावावर बोट ठेवा म्हणजे पूर्ण पत्ता उघडेल. स्वतःला आंतरराष्ट्रीय संस्था म्हणवणारा जर साध्या जीमेलवरून लिहीत असेल तर तिथेच खूण करून ठेवा. मात्र आपल्याकडच्या अनेक खऱ्या साहित्य संस्था आणि वाचनालयंसुद्धा जीमेलच वापरतात. त्यामुळे नुसत्या जीमेलवरून कुणाला चोर ठरवता येत नाही. संस्थेचं मोठेपण आणि तिचा पत्ता यांचा मेळ बसतो का, एवढंच पाहायचं.

पत्ता संस्थेच्या नावाचा असेल तर आणखी बारकाईनं पाहा. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी ठेवले तर घाईत ते ‘एम’च वाटतात. प्रसिद्ध प्रकाशनाच्या नावापुढे ‘ऑफिशियल’, ‘इंडिया’, ‘टीम’ असे शब्द चिकटवलेले पत्तेही असतात. संकेतस्थळ किती जुनं आहे ते ‘हूइज’ शोधून फुकट कळतं. ‘वीस वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ चार महिन्यांपूर्वी नोंदलेलं निघालं तर पुढे तपासायची गरज नाही.

संगणकावर जीमेल उघडलंत तर पत्राच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत मूळ संदेश पाहण्याची सोय आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्यांचे निकाल दिसतात. ‘फेल’ असेल तर पत्ता बनावट असण्याची दाट शक्यता. पण ‘पास’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. पत्त्यात ‘@’ नंतर जे नाव आहे तिथूनच पत्र आलं, इतकंच त्यातून सिद्ध होतं. पाठवणारा भला माणूस आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

पायरी तिसरी : पुस्तक वाचलंय का, याची परीक्षा घ्या

एवढ्यानंतरही मन ‘कदाचित खरं असेल’ म्हणत असेल तर एकच छोटं उत्तर पाठवा. त्यात पुस्तकात नसलेल्या गोष्टीबद्दल विचारा. ‘रखमानं नवऱ्याला लिहिलेलं पत्र तुम्हाला कसं वाटलं?’ पुस्तकात रखमा नाही आणि पत्रही नाही. खरा वाचक गोंधळून विचारेल, ‘रखमा कोण? माझ्याकडची प्रत वेगळी आहे का?’ यंत्राच्या मदतीनं लिहिणारा बहुधा रखमाच्या पत्रातल्या मूक आक्रोशाबद्दल तीन परिच्छेद पाठवेल.

दुसरा प्रश्न असा ठेवा, ज्याचं उत्तर फक्त आतल्या पानांवर आहे आणि जो कौतुकानं टाळता येणार नाही. पुस्तकात कोणती गोष्ट पटली नाही? कोणतं प्रकरण कंटाळवाणं झालं? खऱ्या वाचकाकडे याचं उत्तर हमखास असतं.

भाषेकडेही कान द्या. यंत्राची मराठी बहुतेकदा प्रमाण, संस्कृतप्रचुर आणि गावाचा वास नसलेली असते. ‘केवळ हे नव्हे, तर ते’ अशी वाक्यं एकामागून एक येतात. अहिराणी संग्रहाला ‘ग्रामीण बोलीतील रचना’ म्हटलेलं असतं, पण त्यातली एक ओळ धड उद्‌धृत केलेली नसते. केली असेल तर ती तुमची नसते. तापीकाठची कथा अलगद कोकणात किंवा विदर्भात नेऊन ठेवलेली असते. आपली बोली इथे आपल्या उपयोगाची आहे. फोन आला तर सरळ अहिराणीत बोलायला लागा आणि संग्रहातली एखादी ओळ म्हणून तिचा अर्थ विचारा.

या परीक्षेला एक मर्यादा आहे. पुस्तकाची पूर्ण पीडीएफ तुम्ही पाठवलीत, किंवा ती आधीच व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरत असेल, तर यंत्र अख्खं पुस्तक गिळून साठाव्या पानाबद्दलही बोलू शकतं. म्हणून ‘परीक्षणासाठी पीडीएफ पाठवा’ या मागणीला अनोळखी माणसाच्या बाबतीत नकार द्या. छापील प्रत विकत घ्या म्हणा, किंवा टपालाचा पत्ता मागा. फसवणाऱ्याला पत्ता देणं जड जातं.

पायरी चौथी : पैसा कुणाकडून कुणाकडे चाललाय?

सगळ्या पायऱ्यांत ही मोठी. बाकी सगळं विसरलात तरी ही विसरू नका.

रावेर-यावलकडे केळीचा व्यापारी बागेत येतो, घड बघतो, भाव करतो आणि पैसे देतो. बागेची वाखाणणी करून शेतकऱ्याकडेच पैसे मागणारा व्यापारी आपण बांधावर उभा करणार नाही. ज्याला तुमचं पुस्तक खरंच हवं आहे, त्याचा पैसा तुमच्याकडे यायला हवा. प्रकाशक मानधन देतो, वाचक किंमत देतो, चित्रपट निर्माता हक्काचे पैसे देतो. छपाई, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, जाहिरात ही कामं तुम्ही स्वतः विकत घेता तेव्हा तुमचा पैसा बाहेर जाणं रास्त आहे. पण तो व्यवहार तुम्ही सुरू केलेला असतो आणि तिथे कुणी तुमच्या प्रतिभेनं भारावलेलं नसतं.

ही मागणी कोणकोणत्या नावांनी येते ते पाहू.

वाचकमंडळाचं ‘सहभाग शुल्क’ सध्या सगळ्यात जास्त चालतं. आधी सगळं मोफत असल्याचं भासवतात. दोन-तीन पत्रांनंतर वाचकांना मानधन, पोस्टर किंवा व्यवस्थापन यांचा खर्च निघतो. खरी वाचकमंडळं, मग ती जळगावच्या एखाद्या घरात भरणारी असोत की परदेशातली, लेखकाकडून पैसे घेत नाहीत. कधी खऱ्या मंडळाचं नाव चोरून पत्र पाठवतात. मग त्या मंडळाचं पान स्वतः शोधायचं आणि तिथूनच विचारायचं.

अभिप्राय विकणारे ‘पन्नास प्रामाणिक पंचतारांकित अभिप्राय’ देतो म्हणतात. पैसे देऊन अभिप्राय मिळवणं ॲमेझॉनच्या नियमांविरुद्ध आहे. ते अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात आणि कारवाई तुमच्या पुस्तकावर, तुमच्या खात्यावर होऊ शकते. विकणारा तोवर दुसऱ्या नावानं दुसरीकडे गेलेला असतो.

मग पुरस्कार. याबद्दल नीट बोलायला हवं, कारण आपल्याकडे घराच्या भिंतीवर सन्मानचिन्ह असण्याला मान आहे आणि तो असायलाही हरकत नाही. साहित्य अकादमीच्या मुख्य पुरस्कारात लेखकाला एक लाख रुपये मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही रक्कम लेखकाकडे येते. गावोगावच्या छोट्या संस्था पुस्तकाच्या दोन-तीन प्रती मागवतात, काही ठिकाणी किरकोळ प्रवेशशुल्कही असतं. त्या सगळ्यांना एका माळेत ओवणं अन्यायाचं होईल. खूण अशी की तुम्ही पुस्तक पाठवलेलंच नसताना पुरस्कार जाहीर होतो आणि जाहीर झाल्यावर नोंदणी, मानचिन्ह, फोटो, हॉटेल यांचे पैसे मागितले जातात. ‘मानद डॉक्टरेट’ हा त्याचाच मोठा भाऊ. बोगस विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग आपल्या संकेतस्थळावर देतो, तीत आधी नाव शोधा. मात्र यादीत नाव नाही म्हणून ते विद्यापीठ खरं, असाही अर्थ काढू नका. मान्यताप्राप्त विद्यापीठांचीही यादी तिथेच आहे.

चित्रपटाचं आमिष दाखवणारे एआयनं बनवलेला अर्ध्या मिनिटाचा ट्रेलर फुकट पाठवतात. तुमची नायिका तापीकाठी चालताना दिसते, पार्श्वसंगीत वाजतं. पुढे ‘निर्मात्यासमोर मांडायला पटकथेचा आराखडा लागेल, त्याचे पैसे’ अशी मागणी येते. निर्मात्याला कथा हवी असेल तर आराखड्याचा खर्च त्यानं करायचा.

सरकारी कामाच्या नावाखाली मागितलेले पैसे ओळखणं सर्वांत सोपं आहे, फक्त आकडे माहीत हवेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी मोफत देते. अर्ज ऑनलाइन करायचा. स्वतः प्रकाशक झालेला लेखकही तो करू शकतो. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लेखन पूर्ण होताच हक्क तुमचाच असतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. किंडलवर पुस्तक चढवायलाही शुल्क नाही. ‘जागतिक कॉपीराइट’ किंवा ‘ॲमेझॉन नोंदणी’ म्हणून कुणी हजारो रुपये मागत असेल, तर तो जे तुमचं आहे किंवा जे फुकट मिळतं तेच तुम्हाला विकतोय. कुणी तुमच्या वतीनं अर्ज भरून देऊन आपल्या कष्टाचे पैसे घेत असेल तर ते वेगळं. त्यानं तसं स्पष्ट सांगावं आणि पावती द्यावी.

कधी गाडी उलटी फिरते. ‘तुमची रॉयल्टी जमा करायची आहे, पिन टाका.’ यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही, तो पैसे देताना लागतो. ‘परदेशी मानधन सोडवण्यासाठी आधी कर भरा’ हीसुद्धा त्याच जातीची मागणी आहे.

आणखी एक जागा लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमानुसार नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात, आंतरराष्ट्रीय व्यवहार आपण मुद्दाम सुरू करावा लागतो. फसवणारा फोनवर ‘सर, बँकेच्या ॲपमध्ये ते बटण चालू करा’ असं सांगत असेल तर तिथेच थांबा. पैसे भरायला संस्थेच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं खातं, फ्रीलान्सिंगच्या साइटवरचं अनोळखी पान किंवा क्रिप्टो सांगितलं तरीही थांबा.

मोठ्या लेखकाच्या नावानं पत्र किंवा फोन आला तर

नामवंत लेखक स्वतःहून तुमच्याशी बोलतो, चार दिवस साहित्यावर गप्पा मारतो आणि मग ‘माझं काम जी बाई बघते तिच्याशी बोला’ म्हणून एक पत्ता देतो. परदेशात हे सर्रास चाललं आहे. आवाजही नकली असू शकतो. ज्यांची भाषणं यूट्यूबवर आहेत त्यांच्या आवाजाची नक्कल तयार करायला आता फार वेळ लागत नाही. अशा वेळी भांडायचं नाही, ओळख विचारायची नाही. ‘सर, मीच तुम्हाला थोड्या वेळानं फोन लावतो’ म्हणून फोन ठेवायचा. मग त्या लेखकाच्या छापील पुस्तकातून प्रकाशकाचा क्रमांक घ्यायचा आणि तिथे विचारायचं. समोरच्यानं दिलेल्या क्रमांकावर खातरजमा करण्यात काही अर्थ नाही.

सही करण्याआधी

पैसे मागितले नाहीत तरी हक्क मागितले जातात आणि ते नुकसान जास्त दिवस टिकतं. ‘सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, कायमस्वरूपी हक्क’ हे शब्द दिसले की सही थांबवा. कॉपीराइट कायद्यानं हक्क हस्तांतराचा करार लेखी हवा आणि त्यात कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदला हे लिहिलेलं असावं. काळ लिहिलेला नसेल तर कलम १९ प्रमाणे पाच वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे करार मोघम असला तर कायदा काही अंशी तुमच्या बाजूनं उभा राहतो, पण ‘कायमस्वरूपी’ असं स्पष्ट लिहून तुम्हीच सही केलीत तर तो आधार जातो. तालुक्याच्या कोर्टातल्या ओळखीच्या वकिलाला अर्धा तास कागद दाखवा. किंडलच्या खात्याचा पासवर्ड ‘आम्ही सांभाळतो’ म्हणणाऱ्याला कधीच देऊ नका. त्या खात्यात तुमच्या बँकेचा क्रमांक असतो आणि तो बदलता येतो.

पैसे गेले असतील तर

आधी १९३० हा क्रमांक लावा, नातेवाइकांना मग सांगा. हा राष्ट्रीय सायबर फसवणूक मदत क्रमांक आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरत असतो. तो वाटेत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते. व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा. त्यानंतर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर लेखी तक्रार करा आणि पोचक्रमांक जपा.

लगेच बँकेला फोन करून कार्ड बंद करा. पैसे तुम्ही स्वतः भरलेले असल्यामुळे ‘माझ्या नकळत व्यवहार झाला’ हा दावा चालणार नाही आणि खोटा दावा करूही नका. कार्डानं भरले असतील तर ‘कबूल केलेली सेवा मिळाली नाही’ या कारणावरून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून अर्ज त्याच आठवड्यात द्या.

पुरावा पुसू नका. रागाच्या भरात लोक सगळी पत्रं उडवतात आणि पोलिसांसमोर रिकाम्या हातानं उभे राहतात. पत्रं, व्हॉट्सॲपचा संवाद, पावत्या, ट्रेलर, सगळं जपा आणि स्क्रीनशॉटवर तारीख दिसेल असं पाहा. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा, म्हणजे शून्य एफआयआरचा, शांतपणे उल्लेख करा. अशा प्रकरणांत सहसा भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड लागू शकतं. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेवर तो कळवा.

तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: ‘तुमचे पैसे आम्ही परत मिळवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा.’ फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. पोलीस किंवा बँक पैसे परत करण्यासाठी पैसे मागत नाहीत.

घरात कुणी लेखक फसला असेल तर त्याला ‘या वयात कशाला हवं होतं’ म्हणू नका. असं बोलणं ऐकायला लागेल या भीतीनंच माणसं सांगत नाहीत आणि पहिले मोलाचे तास निघून जातात. ‘आप्पा, आधी १९३० लावू, बाकी नंतर बघू’ एवढंच म्हणा.

तेच पैसे कुठे लावावेत

खोट्या वाचकमंडळाला जाणाऱ्या रकमेत पुस्तकाच्या कितीतरी प्रती टपालानं खऱ्या वाचकांपर्यंत पोचतात. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय, अमळनेरचं साने गुरुजी ग्रंथालय, धुळ्याची का. स. वाणी मराठी प्रगत अध्ययन संस्था, शिवाय तालुक्या-तालुक्यातली सार्वजनिक वाचनालयं, इथे स्वतः जा. एक प्रत भेट द्या आणि वाचून कुणी बोलेल का ते विचारा. दहा जणांसमोर झालेलं अर्ध्या तासाचं वाचन विक्रीच्या पानावरच्या पन्नास विकत घेतलेल्या अभिप्रायांपेक्षा पुस्तकाला जास्त पुढे नेतं, असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी पुस्तक खरंच वाचलं आहे, त्यांनाच विक्रीच्या पानावर दोन ओळी लिहायला सांगा. पटलं नसेल तर तेही लिहायला सांगा.

महाविद्यालयाच्या मराठी विभागाला पत्र टाका. अहिराणीचं पुस्तक असेल तर बोलीवर काम करणारे विद्यार्थी तिथेच भेटतात. वाचनालयाची पुस्तक खरेदी कधी होते, समितीपुढे प्रत कशी ठेवायची आणि किती सवलत द्यावी लागते, हे ग्रंथपालाला विचारा. ते उत्तर देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.